तुपातल्या स्प्रिंगा

आखातातली आमची कंपनी थाटमाट विकायची. उद्घाटनाच्या सोनेरी कात्र्या, लाल गालिचे, मखमली दोरखंड, झेंड्याचे खांब. ऑफिस अल कुसैसला, वर्कशॉप उम्म अल कुवैनला. मी एस्टिमेशनमध्ये होतो. एखाद्या कोनशिलेला किती रुबाब पुरेल, याचा अंदाज काढायचो. मग मंदी आली. क्रेन होत्या तिथे थांबल्या, फिती कापायला कोणी बोलावेना, आणि कंपनीने माणसं कमी करायला घेतली.

मुलगी दहावीत होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि महिनाभरात अल नहदाचा फ्लॅट आवरून पुणं गाठायचं. म्हणजे तिचं वर्ष गेलं. बायको संध्याकाळी दार उघडायची ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघत.

अशात एक ऑर्डर आली. कुठल्याशा व्हिला प्रकल्पाच्या समारंभात योला होणार होता. पांढरेशुभ्र कंदुरे, म्हणजे पायघोळ झगे, घातलेली माणसं ढोलाच्या तालावर रायफल गरगर फिरवतात, उंच उडवतात आणि झेलतात, तो नाच. एरवी त्यासाठी लाकडी रायफल चालते. या गिऱ्हाइकाला धातूची हवी होती. नळी बंद, गोळी जायला जागाच नाही, पण सगळे खटके अस्सल. खटका फिरवला की टक् वाजायला हवा होता. ज्या प्रकल्पाचा पाया अजून खणला नव्हता, त्याच्या समारंभात तो आवाज कोणाला ऐकू येणार होता, हे मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण मंदीने दिलं होतं.

फिटर आधीच घरी गेले होते. म्हणून आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, मला आणि परचेसच्या सहकाऱ्याला वर्कशॉपच्या टेबलाशी बसवलं. सहकारी नागपूरचे, माझ्याहून मोठे.

काम दिसायला पोरखेळ होतं. रायफलच्या खालच्या सांगाड्याला एक बारीक भोक. त्यात बॉलपेनमधल्या स्प्रिंगची धाकटी बहीण शोभेल अशी स्प्रिंग, तिच्या डोक्यावर तांदळाएवढी पिन. ती पिन पातळ पात्याने दाबून धरायची आणि वरून मोठा आडवा खिळा सरकवायचा. अंगठा तसूभर हलला की पिन आणि स्प्रिंग दोन्ही उडायच्या. आम्ही जमिनीवर पांढरी चादर अंथरली. मग सांगाडा पारदर्शक पिशवीत घालून, हातही पिशवीत खुपसून बसवू लागलो. चष्मे नाकावर घसरलेले, हात पिशवीत. दोन प्रौढ माणसं.

"बाप्पा, एंजिनिअरिंग केलं तुम्ही अन् हे काय करून राह्यले?" ते म्हणायचे.

"तुम्ही काय केलंत?"

"म्या कॉमर्स. म्हणून माह्या कमी उडतात."

पिन जागेवर चिकटून राहावी म्हणून ग्रीसचा ठिपका लागायचा. ग्रीस संपलं. पुरवठादाराला फोन केला तर फोन बंद. त्याच्या दुकानाला कुलूप होतं आणि तो देशातच नव्हता. नागपूरकरांनी डबा उघडला. वरणभातावर घ्यायला घरचं साजूक तूप असायचं त्यांच्याकडे, जानेवारीच्या थंडीत रवाळ थिजलेलं. बोटाने एक ठिपका लावला. पिन बसली ती हललीच नाही.

"घ्या. टेन्शन खलास."

मीही लावलं. हात सैल सोडून लावलं. वर्कशॉपला लग्नघराचा वास सुटला आणि ऑर्डर वेळेआधी तयार झाली. त्या संध्याकाळी मी दारात हसलो असणार, कारण बायकोने विचारलं, "झालं का?"

तालीम भर दुपारी उघड्या मैदानावर होती. काळा धातू उन्हात तापला. ढोल सुरू झाले, रायफली गरगरल्या, आणि थोड्याच वेळात पहिल्या रांगेतल्या एका कडक इस्त्रीच्या कंदुऱ्यावर पिवळा डाग उमटला. मग दुसऱ्याच्या. मग सगळ्यांच्या. ढोल थांबले. त्यांच्या म्होरक्याने, पांढऱ्या दाढीच्या गृहस्थाने, खटक्यावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि आमच्याकडे बघून विचारलं, "घी?"

तो पोट धरून हसला. मुदीर हसला नाही.

"किसने लगाया ये?"

"हम दोनों ने," मी म्हणालो.

"नो नो, सर, आयडिया माय. ये तो सिर्फ मेरा सुना," नागपूरकर माझ्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले. मग मान न वळवता मला: "चूप बसा जी. माही पोरं कमावती झाली. तुमची पोरगी बोर्डाला हाय."

आठवड्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. मला ठेवलं, कारण सगळ्या रायफली उघडून, तूप पुसून, पुन्हा जोडायच्या होत्या आणि ते काम येणारा आता एकटा मीच उरलो होतो. निघताना ते हात मिळवून म्हणाले, "हळूहळू पुसा."

मी हळूहळूच पुसलं. प्रत्येक भोकातून तूप कापसाने काढायचं, रॉकेलने धुवायचं, नवी स्प्रिंग, नवी पिन. मुदीर दारात येऊन "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करायचा. फेब्रुवारीत समारंभ पुढे गेला. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मुदीर "इन्शाल्ला" म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की तो कधीच होणार नाही. तरी मी एकेक रायफल उघडत राहिलो, एखाद्या मोठ्या राजाच्या फौजेची देखभाल करावी तसा. समोरच्या खुर्चीवर आता चादरीची घडी होती.

मुलीच्या शेवटच्या पेपरला मी तिला सेंटरवर सोडलं. उतरताना तिने नाक मुरडलं. "बाबा, यू स्मेल लाइक शिरा."

"गुड लक," मी म्हणालो.

मग वर्कशॉपला जाऊन उरलेल्या दोन रायफली जोडल्या. खटके फिरवून पाहिले. टक्. टक्. आणि मुदीरला फोन करून सांगितलं, काम संपलं.