घोंगडीवर ठेवलेली काच

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या दरोड्यातला कुठला आरोपी, हे विचारले तर मी चुकीचे सांगेन आणि ठासून सांगेन. हे एक प्रकरण मात्र वेगळे राहिले आहे, कारण त्याचा आरंभच माझ्या फजितीने झाला.

मी तेव्हा अमरावतीला फौजदार होतो. जप्त करून आणलेली एक दुर्बीण टेबलावर होती. मी ती ऐटीत उचलली, डोळ्याला लावली आणि पंचांच्या समक्ष कारकुनाला सांगितले, "लिहा. सदर यंत्रातून पाहता समोरची व्यक्ती फार लांब गेलेली दिसते." समोर आमचे जमादार उभे होते, हाताच्या अंतरावर. पंचांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कोपऱ्यात उभा असलेला आरोपी अदबीने म्हणाला, "साहेब, डोळा दुसऱ्या बाजूनं लावतात."

दुसऱ्या बाजूने पाहिले तर चौकीसमोरचा भजेवाला नाकाशी आला, पण डोक्यावर उभा. वर कढई, खाली लिंबाचे झाड. तेल सांडत कसे नाही, हाच प्रश्न मला आधी पडला. सरकारी कागदात चूक झाली तर खोडून शेजारी सही करावी लागते. त्या पंचनाम्यावर मजकुरापेक्षा माझ्या सह्याच जास्त झाल्या.

आता तक्रार काय होती ते सांगतो.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटल्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडातला कापूस लागू लागला होता आणि भाव असे चढले की आमचे शिपाईसुद्धा फिर्यादीला गुन्ह्याच्या आधी बाजार विचारत. चौकीत येणारी कामेही कापसाचीच. कोणी गाडीवरचा डोकडा, म्हणजे कापसाचा गठ्ठा, पळवला, कोणी कापसात पाणी मारले, कोणी सौदा फिरवला. गावात दर महिन्याला कुणाचे तरी घर एक मजला वर चढे. अशाच एका नव्या माडीचा मालक, कापसाचा दलाल, उन्हाळ्यातल्या एका सकाळी चारसहा माणसे घेऊन चौकीत आला.

"फौजदारसाहेब, तो मुनशी आमच्या घरावरच्या धाब्याकडे नळी लावते."

"कसली नळी?"

"पितळेची. उन्हाळ्यात आमच्या बाया धाब्यावर झोपते, हे तर तुमाले माहीत हाये. तो त्याइले त्या नळीतून उलट्या करून पाहते."

"उलट्या म्हणजे?"

"खाली डोकं, वर पाय! आता लुगडं कुठं जाईन, तुमीच सांगा!"

मागच्या एकाने भर घातली, "अन् काचेवर छापून ठेवते म्हने. बोटं पाहा त्याचे. कायेकुट्ट."

मी हसलो नाही. चौकीत हसू दाबण्याची सवय लागते. पण माणसांच्या हातात काठ्या होत्या आणि त्यांच्यापैकी कोणीही हसत नव्हते. आज काही झाले नाही तर उद्या ते स्वतःच काहीतरी करतील, एवढे मला कळत होते.

मुनशीजी पूर्वी मोजणीखात्यात नकाशे काढत. पोट भरेल एवढी पेन्शन होती. तिथला इंग्रज साहेब विलायतेला परतताना त्यांना एक जुनी दुर्बीण आणि चित्र उमटवायची पेटी देऊन गेला होता. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. बडनेऱ्याच्या वाटेवर लिंबू-डाळिंबाची लहानशी बाग, तीत दोन खोल्या आणि शेजारी दलालाची नवी माडी. पूर्वेकडून चंद्र निघाला की तो आता आधी त्या माडीवरूनच निघे. नळी तिकडे वळायची ती त्यामुळे.

झडतीला गेलो तर दार उघडताच असा उग्र दर्प आला की एक शिपाई भोवळ येऊन उंबऱ्यातच बसला. दुसरा म्हणाला, "दारूच हाये साहेब." दारू नव्हती. मुनशीजी तेजाबात कापूस भिजवून, तो औषधी अर्कात विरघळवून एक चिकट रस करत आणि काचेवर ओतत. सगळा मुलूख कापूस विकत होता, आणि हा गृहस्थ चिमूटभर कापूस बाटलीत घालून विरघळवत होता. रसावर चांदीचे पाणी चढवायचे. बोटे त्यानेच काळी पडतात.

"चांदी कुठून आणता?" मी विचारले. त्या दिवसांत चोरीची चांदी पुष्कळ फिरत होती.

ते म्हणाले, "घरातलीच. बायकोच्या पायातल्या तोरड्या होत्या."

मी पुढचा प्रश्न विसरलो.

काचा खोकाभर निघाल्या. बहुतेकांवर चंद्रच होता, पण एकही धड नाही. कुठे लांबट भाकरी, कुठे पुसलेला डाग. "चांद थांबत नाही साहेब," ते म्हणाले, जणू माफी मागत होते. "काच ओली असेपर्यंतच काम करावं लागतं आणि तेवढ्यात तो सरकतो." मग खोक्याच्या तळातून जमादारांनी एक काच काढली, उजेडाकडे धरली आणि तशीच माझ्याकडे सरकवली.

काचेवर बाई होती. पदर डोक्यावरून घेतलेला, त्यातून दिसणारे केस काळेभोर, रंग उजळ, अंगावर गडद लुगडे. तरुण. आणि चित्र अगदी साफ.

मला वाईट वाटले, कारण तोवर माझे मन मुनशीजींच्या बाजूला झुकले होते.

चौकीत जबानी सुरू झाली. इतर प्रत्येक प्रश्नाला ते सरळ उत्तर देत, कधीकधी गरजेपेक्षा लांब. बाईचे नाव काढले की मान खाली.

"ही कोण?"

"ते विचारू नका साहेब."

"तिच्या नकळत काढलं?"

"नाही. बागेत बसून काढलं. दिवसा."

"मग नाव सांगायला काय हरकत आहे? बाहेर पाहा. ही माणसं तुम्हाला गावात राहू देणार नाहीत. मी हवालात दिली तर तीच तुमच्या सोयीची ठरेल."

"द्या," ते म्हणाले. "नाव मी सांगणार नाही."

मी नोकरीत अट्टल चोर पाहिले आहेत. चोर गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. ह्यांची त्या काचेकडे होती.

बाहेर काचेची बातमी फुटलीच. कोणाची सून, कोणाची लेक, यावर कुजबुज वाढली. दलाल आत आला. "मले दाखवा ते काच. आमच्या घरची असन तर आजच निकाल लावतो." मी त्याला दूर उभे राहायला सांगितले, कारण काचेला हात लावू दिला तर ती फुटणार हे दिसत होते. त्याने लांबूनच उजेडात पाहिले. "आमची नाही," तो म्हणाला आणि त्याचा खांदा सैल पडला. "कोनाची हाये मग? गोरी हाये. मोठ्या घरची दिसते."

टेबलावर कागदांची गर्दी होती. मी काच ठेवायला जागा शोधली आणि रात्रपाळीच्या शिपायाची काळी घोंगडी बाकावर घडी करून ठेवली होती, तिच्यावर ती अलगद ठेवली.

आणि काचेतली बाई म्हातारी झाली.

हे मी सजवून सांगत नाही. केस पांढरेशुभ्र झाले. गडद लुगडे पांढरे झाले. उजळ चेहरा सावळा झाला आणि त्यावर उन्हाने पडतात तशा बारीक सुरकुत्या आल्या. जमादार एक पाऊल मागे सरले. मी काच उचलून उजेडाकडे धरली, बाई तरुण. घोंगडीवर ठेवली, म्हातारी. मुनशीजी अगदी हळू म्हणाले, "काचेत काळं ते पांढरं उमटतं साहेब. काळ्यावर ठेवलं की खरं दिसतं. ठेवायला नको होतं."

दलाल वाकून पाहत होता.

"माय," तो म्हणाला.

फिर्याद तिथेच संपली. माणसे पांगली. जाताना एकाने दलालाला टोमणा मारलाच, "मायले पाहाले काच लागली का गा?" दलाल उंबऱ्याशी थांबून मुनशीजींना म्हणाला, "आमच्या घरचं मानूस आता तुमच्या बागेत येनार नाही." आवाज चढवला नव्हता.

तेव्हा मला कळले की मुनशीजी कशाला भीत होते.

कागद पूर्ण करायला म्हातारीची जबानी हवी होती, म्हणून संध्याकाळी मी माडीवर गेलो. ओसरी, जिना, मधले दालन, सगळीकडे कापसाचे गठ्ठे. म्हातारी मागच्या पडवीत एकटी बसली होती.

"फौजदार काय तुमी? बसा. गठ्ठ्यावर बसा, दुसरी जागा नाही या घरात."

मी गठ्ठ्यावर बसलो. विचारले की मुनशीजींच्या बागेत कशासाठी जात होतात.

"बोलाले," ती म्हणाली. "इथं कोनाले येळ हाये? पोरगा बजारात. सुना नवे दागिने घालून राहिल्या, काढून राहिल्या. वावरात होतो तवा रातभर जागलीवर आमी चांदण्या पाहू. चार चांदण्या म्हंजे म्हातारीचं बाजलं अन् मांगच्या तीन, ते चोर. मी मुनशीभाऊले सांगे, तो मले साहेब लोकाइनं ठेवलेले नावं सांगे. कोनाचंच कोनाले ध्यानात राहे नाही." ती हसली. "मंग म्हने, बुढे, तुही काच काढतो, हालू नको. मी म्हनलं, मले कोन हालवते?"

त्या खोकाभर काचांत हलली नाही अशी एकटी तीच होती.

"पोरगा म्हनते आता जाचं नाही," ती म्हणाली. "बरं हाये. त्याचं घर हाये."

मी उठलो. जबानीत काय लिहावे ते सुचेना. 'सदर बाई राजीखुशीने गेली होती' एवढेच लिहिले.

दुर्बीण, पेटी, काचा असा सगळा मुद्देमाल मी दुसऱ्या दिवशी स्वतः बागेत पोचता केला. मुनशीजींनी पावतीवर सही केली, बसायचा आग्रह केला नाही. डाळिंबाखाली बसायचे दोन वेताचे मोढे समोरासमोर ठेवलेले होते. एक त्यांनी माझ्यादेखत उचलून आत नेला. मी निर्दोष माणूस सोडवला होता, गावातला दंगा टाळला होता, वरच्या साहेबाने माझ्या कागदावर 'ठीक' असा शेराही मारला. तरी बडनेऱ्याच्या वाटेने परत येताना घोडा हाकायचे मला भान नव्हते. त्या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, की खरे काय ते शोधून काढणे हे पोलिसाचे काम असले, तरी ते उघडे पडल्यावर कोणाचे दार बंद होते ते पाहायला आम्ही मागे थांबत नाही. आम्हाला पुढची फिर्याद असते.

घरी आल्यावर जेवताना मी सगळे बायकोला सांगितले. ती पातूरची, बोलणे सरळसोट. वाढता वाढता ऐकत होती. मी म्हणालो, "कायद्याने मी त्या दलालाला काही सांगू शकत नाही. त्याची आई, त्याचे घर."

"कायद्यानं कोन सांगाले सांगते?" ती म्हणाली. "त्याले म्हना, फौजदारनीनं तुमच्या मायले पापड लाटाले बोलावलं. दर आठवड्याले. फौजदाराच्या घरी पाठवाले नाही म्हनन काय तो? अन् मुनशीजीले म्हना, नळी आमच्या परसात आनून लावा, इथं आडवी माडी नाही."

मी खूश होऊन म्हणालो, "वा! मग मीही त्या वेळी लवकर घरी येत जाईन."

"तुमी नोका येऊ," ती म्हणाली. "तुमी चौकीवरच राहा. तुमच्यासमोर कोनी बोलते काय?"