आधीचा मेकॅनिक

बाळांनो, मुलुंडच्या आपल्या मेकॅनिकला एक खोड आहे. कुठलीही गाडी उघडली की तो आधी आधीच्या मेकॅनिकचा उद्धार करतो.

इंजिन बदलल्यापासून आपली गाडी निळा धूर ओकत होती, आणि सोमवारी आजोबांना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. मी गाडी त्याच्याकडे नेली. त्याने वाकून सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं. बोट तेलाने काळं झालं.

"बघा मावशी! इंजिन बदललं, पण जुन्या इंजिनाचं तेल पाइपात तसंच ठेवलं. तेच जळतंय. कोण गाढव होता हा?"

"तूच बसवलंस की रे, गेल्या आठवड्यात."

तो पाइप उतरवून तासभर घासत बसला. गाडी पुन्हा सुरू केली, तेव्हा धूर नव्हता.

"पण मावशी," तो म्हणाला, "इंजिन मात्र झकास बसवलंय हां त्याने."