किसन मास्तरची वीस मिनिटं

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी कटिंगच्या दुकानात बसलो होतो. एक गाल झालेला, दुसऱ्याला साबण लावलेला. फोन त्याच्या मुलीचा, सुनंदाचा होता. "सर, बाबा सकाळी गेले. दुपारी तीनला नेणार हाव," ती म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत तिनेच पुढचं सांगितलं, "आन् सर, बँड न्हाई लावायचा. बाबा तसं सांगून गेलेत. तुमी बँडवाल्यांना काई बोलू नका." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी उठलो नाही. उरलेला गाल करून घेतला, तोंड धुतलं, आरशात पाहिलंसुद्धा... आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते. पण माणूस असाच असतो की काय कोण जाणे. पन्नास वर्षांपासूनचा मित्र गेल्याचं कळतं आणि हात सवयीने खांद्यावरचा टॉवेल झटकत राहतात.

आमचं गाव अंबाजोगाईहून घाटनांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्या दिवशी या गावाने पहिल्यांदाच किसनला वाजवल्याशिवाय रस्त्याने जाताना पाहिलं. चाळीस वर्षं तो दुसऱ्यांच्या वराती, मिरवणुका, जयंत्या यांच्या पुढे क्लॅरिनेट वाजवत चालला होता. त्याच्या बँडमधली सगळी माणसं आली होती, पण रिकाम्या हाताने. ढोलवाला हनमंत तर आपले दोन्ही हात कुठे ठेवावेत हे न कळून सारखा सदऱ्याची बटणं चाचपत होता. मी मागे, जरा अंतर ठेवूनच चाललो होतो. त्याचं कारण पुढे येईलच.

किसन आणि मी एका वर्गातले. त्याचं घर भीमनगरात, माझं पाटील गल्लीत, आणि शाळा बरोबर दोन्हींच्या मध्ये. दहावीनंतर मी डी.एड.ला गेलो, तो बापाच्या बँडमध्ये. बँडच्या म्होरक्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात, त्यामुळे बाप थकल्यावर तोही मास्तर झाला. माझी त्याने यावरून कायम चेष्टा केली. "गावात मास्तर दोनच बे," म्हणायचा, "येकाला सुट्टी उन्हाळ्यात, येकाला पावसाळ्यात." लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला सवड नसायची आणि पावसाळ्यात तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मी पेपर वाचायचो, तो ऐकायचा. संगीतातलं मला काही कळत नाही. किसनचं मला एवढंच कळायचं, की तो वाजवायला लागला की वरातीतली भांडणंसुद्धा जरा वेळ थांबतात.

ज्या महोत्सवामुळे आमच्या गावाचं नाव चार ठिकाणी छापून आलं, तो सुरू झाला मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर. बीडकडचं एक लग्न आटोपून आम्ही परत येत होतो, बँडचा टेम्पो आणि त्यात पुढे बसलेला मी, लग्नाचा पाहुणा. दुपारची वेळ होती. बँडवाले लाल कोटाची बटणं सोडून जेवत बसले होते. पलीकडच्या बाजेवर एक गोरी बाई डाळ-रोटी खात होती. ती हंगेरीची, नाव इल्दिको, स्वतः क्लॅरिनेट वाजवणारी आणि आपल्याकडच्या लग्नाच्या बँडांमागे हिंडणारी. तिने किसनच्या हातातली क्लॅरिनेटची पेटी पाहिली, हात धुतले आणि गाडीतून आपली पेटी काढून आणली. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा मी एकटाच. पण माझं काम पाच मिनिटांत संपलं. पुढचा तासभर ते दोघं वाजवत होते आणि ट्रकवाले उष्ट्या हाताने उभे होते. पुढच्या वर्षी ती दोन सोबती घेऊन आमच्या गावात आली आणि शाळेच्या व्हरांड्यात वाजवून गेली. त्याच्या पुढच्या वर्षी पाच जण आले. बघता बघता जानेवारीतला एक शनिवार-रविवार ठरूनच गेला.

मी तोवर निवृत्त झालो होतो आणि निवृत्त शिक्षकाला गावात कुठलंही अध्यक्षपद सहज मिळतं. समिती झाली, 'विश्वसंगीत महोत्सव' असं भारदस्त नाव मी दिलं. गावाने ते कधीच तोंडात घेतलं नाही, गाव म्हणायचं 'फॉरेनची जत्रा'. खरोखरच जत्रा असायची. एकदा आफ्रिकेतला एक वादक भोपळ्याचं एकवीस तारांचं वाद्य घेऊन आला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी उठून आधी भोपळा वाजवून पाहिला, पिकलेला आहे का म्हणून. मंगोलियातल्या एकाने घशातून एकाच वेळी दोन सूर काढले, तर हनमंत म्हणाला, "ह्याच्या आत आजून येक मानूस हाय." पाहुणे लॉजवर नाही, घराघरात उतरायचे, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन डोळे पुसायचे. मला त्या दोन दिवसांचा फार अभिमान होता. आता तो शब्द लिहायलाही जड जातो.

कारण या सगळ्यात किसन कुठे होता ते सांगायला हवं. तो रस्त्यावर होता. पाहुण्यांना बसस्टँडपासून मैदानापर्यंत वाजतगाजत आणायचं काम त्याच्या बँडचं. मंडपाच्या तोंडाशी बँड थांबायचा, पाहुणे आत जायचे आणि बँडवाले मागून वळसा घालून पाण्याच्या टँकरजवळ जेवायला बसायचे. स्टेजवर परदेशी कलावंत आणि पुण्या-मुंबईकडचे शास्त्रीय गायक. लग्नाच्या बँडला स्टेजवर बसवायचं नाही, असा ठराव समितीने कधीच केला नाही. करायची गरजच पडली नाही. आम्हा सगळ्यांना ते न सांगता कळत होतं, आणि कोणत्या गल्लीतला माणूस कुठपर्यंत येतो हेही आम्हाला लहानपणापासून न सांगताच कळत आलेलं आहे. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचा आणि माझा फोटो असायचा. ज्याच्यामुळे हे सुरू झालं त्याचा नसायचा. इल्दिको दर वर्षी विचारायची की किसन कधी वाजवणार, आणि मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की.

मग किसनच्या फुफ्फुसांनी दगा दिला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी फुंकायचं वाद्य बंद करायला सांगितलं. त्यानंतर आठवड्याभराने तो माझ्या ओट्यावर आला, पाच पायऱ्या चढून बराच वेळ धापा टाकत बसला आणि म्हणाला, "माधव्या, येक मागायचंय." आयुष्यात त्याने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. "आजवर म्या चालतच वाजिवलं बे. मागं नाचणारी पोरं, त्येंच्या मागं घोडा. कोन ऐकतंय? येकदा बसून वाजवायचंय. लोक बसल्यालं आसावं, म्याबी बसल्यालं आसावं. ईस मिनटं. मग ठिवून देतो कलारनेट." मी म्हणालो, "अरे, वीस काय, तास घे." तो हसला. "तासाला दम कोनाचा आनू? ईसच." महोत्सवातल्या रविवारी दुपारी चारची वेळ मी त्याच्यासमोर वहीत लिहिली.

त्या रविवारी आमच्या भागातले एक पुढारी दुपारी दोनला येणार होते. ते दोन तास उशिरा आले. बाहेरच्या वाचकांना आमच्याकडच्या सत्काराची कल्पना येणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे पाहुण्याचा सत्कार झाला की पाहुण्याबरोबर आलेल्यांचा होतो, मग जागा देणाऱ्याचा, वीज देणाऱ्याचा, पाणी देणाऱ्याचा, मग ज्यांचं नाव राहिलं आणि जे तोंड पाडून बसलेत त्यांचा. प्रत्येकाला शाल, नारळ, फेटा आणि फोटो. एक नाव राहिलं तर वर्षभर रुसवा. यादी माझ्या हातात होती आणि माइकही. मी वाचत गेलो. मागे कुणी चिठ्ठी देत होतं, त्यातलं नाव यादीत घालत होतो, वाचत होतो. स्टेजच्या कडेला, पडद्याआड, किसन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, लाल कोट नव्हता घातला. मांडीवर जोडून ठेवलेलं क्लॅरिनेट. या वाद्याच्या तोंडाशी जी पातळ पत्ती बसवतात ती ओली राहावी लागते, वाळली की सूर धरत नाही. म्हणून ती पत्ती त्याने ओठांत धरून ठेवली होती. चार वाजल्यापासून. मी मधूनमधून त्याच्याकडे बघत होतो आणि हाताने खूण करत होतो... झालंच, झालंच.

सहा वाजत आले. उजेड उतरला, परदेशी पाहुण्यांना गाडी गाठायची होती, त्यांचा शेवटचा कार्यक्रम अजून व्हायचा होता. समितीतल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ठरवलं. मीच ठरवलं, हे इथे स्पष्ट लिहितो. पडद्याआड गेलो आणि म्हणालो, "किसन, पुढच्या वर्षी पहिला कार्यक्रम तुझा." त्याने ओठांतली पत्ती काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "म्होरल्या साली? ते डाक्टरला इचार." रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. उलट मला सुचलं की याचं मन राखायला हवं, आणि मी त्याला स्टेजवर ओढून नेलं, माइकवरून 'आमचे ज्येष्ठ सहकारी' असं काहीतरी बोललो आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली. एका हातात क्लॅरिनेट, दुसऱ्यात माझा नारळ, असा तो क्षणभर हजार माणसांसमोर उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं असावं, आता तरी... त्याने एकदा मागे, खुर्ची कुठे आहे ते पाहिलं. मी पुढचं नाव वाचलं.

अजून एक सांगायचं आहे, आणि तेच सगळ्यात अवघड आहे. पुढारी निघाले तेव्हा त्यांच्याबरोबरचा एक जण म्हणाला, "सर, बँड हाय ना? साहेबांना गाडीपर्यंत वाजवत सोडा की." मी किसनकडे बघून मान हलवली. किसनने शाल खुर्चीवर ठेवली, खिशातली पत्ती काढून बसवली आणि तो चालायला लागला. मैदानापासून गाडीपर्यंत. मध्ये दोनदा थांबला, एकदा एका जीपच्या बॉनेटवर हात टेकून. पण पूर्ण वाजवलं त्याने. इल्दिकोने निघताना विचारलं, किसनने स्टेजवर का वाजवलं नाही? मी म्हणालो, त्याला दम लागला होता. तो गेल्यावर तिचं पत्र आलं आहे, त्या दिवशी बिचारा किती आजारी असेल, असं लिहिलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

त्यानंतर तो जाईपर्यंत मी त्याच्या घरी फिरकलो नाही. दहा मिनिटांची वाट. रोज ठरवायचो, रोज काही ना काही निघायचं. खरं कारण लाज होतं, पण लाजेलाही मी कामाचं नाव देत राहिलो. बुद्धविहारात त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा मला दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी अर्धा तास बोललो. लोक डोळे पुसत होते. कौसल्यावहिनी, किसनची बायको, खाली बघत होत्या. समितीने लगेच ठराव केला, यंदा स्टेजला 'किसन मास्तर रंगमंच' नाव द्यायचं, फ्लेक्सवर मोठा फोटो लावायचा आणि वहिनींचा सत्कार करायचा. तो निरोप घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शाल नगं सर. येक हाय घरात."

मी उठणार होतो, तेवढ्यात आतली खोली दिसली. खोली कसली, पत्र्याची आठ-दहा फुटांची जागा. भिंतीला टेकून एक खुर्ची आणि तिच्यासमोर दोन रांगांत खुर्च्या, स्टूल, एक उलटा घातलेला डबा. सगळ्यांची तोंडं त्या एका खुर्चीकडे. मी सुनंदाला विचारलं, हे काय? "बाबा वाजवायचे हितं," ती म्हणाली. "जत्रा झाल्यावर दुसऱ्याच हप्त्यात सुरू केलतं. दुपारची जेवनं झाली की शेजारच्या बाया, हनमंतकाका, आई, समदे येऊन बसायचे. दोन-तीन मिनटं वाजवलं की दम लागायचा. मग थांबायचे. लोक गप बसून राहायचे. पुन्हा वाजवायचे. आसं करत करत ईस मिनटं भरायची." शेवटच्या आठवड्यात तर फुंकणं होतच नव्हतं, नुसती बोटं फिरायची. तरी लोक बसायचे.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. सुनंदाने आईकडे पाहिलं आणि सांगितलं, "बाबा म्हनायचे, माधव्याला कळू देऊ नगा. त्यो आला की आदी माझा सत्कार करंल."

त्या घरात दुपारी अजूनही माणसं येतात. कुणी बोलावत नाही, जेवणं झाली की येतात, आपापल्या जागी बसतात, वीस-एक मिनिटं थांबतात आणि कामाला जातात. वहिनी सकाळी सगळ्या खुर्च्या पुसून ठेवतात. मी हल्ली रोज जातो. माझी जागा नव्हती, म्हणून दाराशी बसतो. पहिल्या दिवशी त्या शांततेत मला राहवेना, चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा खाकरला. हनमंतने वळून पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. तेव्हापासून मी गप्प असतो. आजूबाजूला बसलेल्या बाया, हनमंत, सुनंदा, कुणी डोळे मिटून बसतं, कुणाचं बोट गुडघ्यावर हळूच हलत असतं. त्यांना काहीतरी आठवत असतं. मला आठवत नाही. किसनला बसून वाजवताना तिथल्या सगळ्यांनी ऐकलंय, मी सोडून.