मच्छिंद्राचा टांगा

पुणतांब्यात मच्छिंद्राचा टांगा पोराटोरांनाही ठाऊक होता. त्या टांग्याला घोडा नव्हता, चाकं नव्हती. होती ती एकटी गोजरबाई, त्याची बायको, आणि तीही उलटी चालणारी.

मच्छिंद्रने उभी हयात नगरच्या छावणीत काढली. तिथल्या मेसमध्ये तो वेटर होता. शनिवारी साहेब-मेमसाहेब ग्रामोफोनवर नाचायचे आणि हा ग्लासांचा ट्रे हातावर तोलत त्यांच्यामधून फिरायचा. कुणाला धक्का लागू नये म्हणून तोही ठेक्यात पाऊल टाकायला शिकला. त्यातला एक नाच त्याच्या मनात भरला होता. त्याचं नाव टँगो. सुट्टीवर आला की बायकोला रंगवून सांगायचा, "बाई मागं मागं जाती अन् बाप्या तिच्याकडं तोंड करून म्होरं येतो."

"मंग ती पडत न्हाई का?"

"त्यानं धरलेलं आसतंया की तिला."

गोजरबाई पदर तोंडाला लावून हसायची. नवऱ्याच्या चार पावलं मागून चालण्यात तिचा जन्म चालला होता. नवऱ्याच्या पुढं, तेही उलटं, ही तिच्या लेखी साहेबलोकांची थेरं होती.

पन्नाशी ओलांडली आणि मच्छिंद्रचे हात थरथरायला लागले. ज्या हातावर भरल्या ग्लासातला थेंब सांडत नसे, त्यातून एके दिवशी अख्खा ट्रे निसटला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. नवं औषध निघालंय म्हणतात, पण इथं मिळत नाही. यांना चालतं ठेवा, बसू देऊ नका. मेसमधल्या सोबत्यांनी निरोपाला जुना, चावीचा ग्रामोफोन आणि दोन-चार तबकड्या दिल्या. ते सगळं घेऊन मच्छिंद्र गावी आला.

चालतं ठेवा म्हणणं सोपं असतं. हातांचं एक वेळ भागलं असतं, पण पायांनीच दगा दिला. चालता चालता तो मध्येच रोवल्यासारखा उभा राही. उंबरा तर त्याचा वैरीच झाला. मागून रेटलं की तोंडावर पडायचा. हसरा माणूस, पण चेहऱ्यावरची रेघ हलेनाशी झाली.

एका सकाळी असाच तो उंबऱ्यात अडकला. किती तरी वेळ झाला, पाय उचलेना. शेवटी म्हणाला, "गोजर, ती पेटी लाव."

घटकाभर जीव रमवायचा असेल, असं गोजरबाईला वाटलं. तिने चावी दिली, सुई टेकवली. टँगो सुरू झाला आणि मच्छिंद्रची टाच हलली. त्याने दोन्ही हात पुढं केले. "म्होरं ये. माज्याकडं तोंड कर. आता मागं सर."

ती एक पाऊल मागं सरली आणि तो उंबरा ओलांडून पुढं आला. गोजरबाई रडायलाच लागली.

"ह्यो कंचा मंतर म्हनायचा?"

"टँगो हाय."

"टांगा?"

"टांगा म्हन, काय बी म्हन. सोडू नगंस."

तेव्हापासून अंगणात रोज टांगा निघू लागला. मच्छिंद्रने तिला चाल शिकवली आणि तिने ती आपल्या बोलीत बसवली, "हळू, हळू, बिगी-बिगी, हळू." पुढं पुढं पेटीचीही गरज उरली नाही, तिचं "हळू, हळू" पुरायचं. मच्छिंद्रला झोप लागू लागली. चहाची कपबशी त्याची त्याला धरता येऊ लागली. गेलेलं हसू परत आलं, आणि ते घरातल्यांना औषधाहून मोठं वाटलं.

गाव कशाला गप्प बसतंय. समोरची छबूबाई म्हणाली, "म्हातारपनी चळ लागला दोघांला." गोजरबाईने आधी दार लोटून घेतलं, मग तेही सोडून दिलं. खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिवसाउजेडी तिचा हात कधी धरला नव्हता.

दुष्काळाच्या साली मुक्ताचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं. पंगत लहान, मांडव लहान. मच्छिंद्रचा मात्र एकच हट्ट होता, "ईवायाच्या भेटीला म्या माज्या पायानं जानार." वरबाप आणि वधूपिता एकमेकांना कडकडून भेटतात, ती व्याहीभेट. त्याला ती उभ्याने, बापासारखी करायची होती. त्यासाठी तो रोज अंगणात घाम गाळत होता.

हळदीच्या दिवशी मुक्ता आईपाशी येऊन बसली. "आई, उद्या टांगा नगं. सासरची मान्सं हासत्याल. जलमभर मला ऐकवत्याल."

पोरीला तरी काय दोष द्यायचा? नांदायचं तिला होतं. गोजरबाईने लेकीच्या गालावरची हळद सारखी केली. मग म्हणाली, "न्हाई काडनार."

दुसऱ्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी व्याही आसाराम हार घेऊन उभा राहिला. ताशा कडाडत होता. मच्छिंद्र नव्या धोतरात निघाला, बरा चालला, आणि पाव्हण्यांच्या अगदी समोर रोवल्यासारखा उभा राहिला. ताशाचा ठेका त्याच्या कामाचा नव्हता. त्याने बायकांच्या घोळक्याकडं पाहिलं. आरतीचं ताट घेतलेली गोजरबाई त्याला दिसली. त्याने दोन्ही हात थोडेसे पुढं केले.

वऱ्हाडातून कुणीतरी म्हणालं, "ईवाय टाईट हाय जनू. मिल्ट्रीची सवय."

हशा पिकला. गोजरबाईचं पाऊल उचललं होतं. पण दारात हळदीने पिवळी झालेली मुक्ता उभी होती आणि तिचे डोळे आईला नको म्हणत होते. गोजरबाईने पाऊल मागं घेतलं. मच्छिंद्रने हात खाली केले, स्वतःच पाय रेटला आणि तोंडावर पडला.

चौघांनी उचलून त्याला बाजेवर ठेवलं. आसाराम भला माणूस. तो वाकला आणि पडल्या पडल्याच त्याला भेटला. व्याहीभेट झाली, ती अशी.

त्यानंतर मच्छिंद्र उठला नाही. गोजरबाई पेटीला चावी द्यायची, हात पुढं करायची. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. टांगा मोडला." तो तिला कधी एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागायचं. टांगा मोडला नव्हता. धरायच्या वेळी तिने धरलं नव्हतं.

दिवाळीला मुक्ता आली. बापाचे वाळलेले पाय तिने पाहिले, टँगोची तबकडी लावली आणि बाजेसमोर हात पसरून उभी राहिली. "दादा, उठा. हासू द्या कुनाला हासायचं ते."

तो उठला नाही. पण गोधडीखाली त्याचे पाय ठेक्यात हलत होते. तबकडी संपेपर्यंत मायलेकी नुसत्या त्या गोधडीकडं पाहत राहिल्या.

माघात मच्छिंद्र गेला. तिरडी उचलली तशी बाया रिवाजाप्रमाणे दारात थांबल्या. खांदेकरी घाईने निघाले. आणि गोजरबाई दारातून निघाली, ती तिरडीच्या पुढं गेली, वळली, नवऱ्याकडं तोंड करून दोन्ही हात पुढं केले आणि मागं मागं चालू लागली.

छबूबाई तिला धरायला धावली. मुक्ताने तिचा दंड पकडला. "आसू द्या, मावशी."

सगळं गाव बघत होतं. कुणी हसलं नाही. "हळू," गोजरबाई म्हणाली, "हळू." खांदेकऱ्यांची पावलं आपोआप मंदावली. वेशीपर्यंत ती तशीच गेली, उलटी, एकदाही मागं न बघता. वाटभर ती नुसतं "हळू, हळू" म्हणत होती. पुढचं "बिगी-बिगी" तिने म्हटलंच नाही.