सुरेखाला आधी कळलं

"तुम्हाला सिकलसेल आहे. एसएस प्रकार," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. बोलल्या माझ्याशी, पण मान हलवली ती सुरेखाने. सुरेखा माझी धाकटी बहीण. माझ्या खाटेजवळ स्टुलावर बसली होती.

"मला पण तेच आहे, मॅडम. मी हायड्रॉक्सियुरिया घेते," ती म्हणाली.

मॅडमचा चेहरा खुलला. गोळी कधीपासून, रक्त किती, शेवटचं दुखणं कधी, असं त्या सुरेखाला विचारत गेल्या आणि ती पटापट उत्तरं देत गेली. आजारी मी होते, नाकाला ऑक्सिजन मला लावलेला होता, पण माझ्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडेच काही नव्हतं.

मोठ्या आजाराचं नाव ऐकून माणूस घाबरतो. मला भीती नंतर वाटली. आधी वाटला तो हेवा. दोघींचे आईबाप एक, दोघींचा आजार एक, आणि तिला तो चार वर्षं आधी कळला होता.

ज्यांच्या घरात असं दुखणं असेल त्यांच्यासाठी मॅडमनी सांगितलं ते आधी लिहिते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. रक्त पुढे सरकत नाही, म्हणून हाडं ठणकतात. हा आजार शिवल्याने होत नाही, जन्मापासून असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण तो मुलांना देऊ शकतो.

आम्ही वारली. माझं सासर आणि माहेर भिवंडी तालुक्यातल्या डोंगरावरच्या दोन पाड्यांत, एकमेकांच्या हाकेवर. लहानपणी मी आणि सुरेखा एका गोधडीत कण्हत पडायचो. आश्रमशाळेत थंड पाण्याने आंघोळ केली की माझी बोटं सुजायची. सरांना वाटायचं, अभ्यास टाळायला सोंग करते. डोळे पिवळे झाले की आई भगताकडून काविळीचं औषध आणायची. लग्नानंतर सासू म्हणायची, "हिला काम दिसला का हिचा अंग दुखतंय." खाली बाजारात एक सुईवाला डॉक्टर बसायचा. त्याची सुई घेतली की दोन दिवस बरं वाटायचं. मी वर्षानुवर्षं त्या सुईवर काढली.

सुरेखाचं लग्न खाली शहराला लागून असलेल्या काल्हेरला झालं. नवरा टेम्पो चालवतो, ती शेजारच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. तिच्या चाळीमागच्या गल्लीतच दवाखाना. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा नर्स घरी आली, रक्त घेऊन गेली आणि आजार सापडला. बाळंतपण नीट झालं. बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर गोळ्या सुरू झाल्या. त्यासाठी तिला फक्त घरात असावं लागलं.

तिने मला तेव्हाच फोन केला होता. "ताय, तू पण तपासून घे. डॉक्टर बोलले, बहिणींना असू शकतो."

मी गेले की. पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंत उतरायचं, तिथे टमटमची वाट बघायची, ती भरली की निघायचं. पहिल्या खेपेला आरोग्य केंद्रात रक्त तपासणारा माणूस सुट्टीवर. दुसऱ्या खेपेला तपासणीचं सामान संपलेलं. "पुढच्या आठवड्यात या," खिडकीतल्या बाईने सांगितलं. ती वाईट बोलली नाही. पण पुढच्या आठवड्यात मला खाटेवरून उठवत नव्हतं. चढ चढून परत येण्याच्या भीतीनेच मी नंतर गेले नाही.

होळीला सुरेखा माहेरी आली. गाल भरलेले, चालणं हलकं. नदीवरून दोन हंडे एकावर एक घेऊन ती न थांबता वर आली. आई म्हणाली, "सुरीला शहराचा पाणी मानवला." मी चुलीपुढे गुडघे चोळत बसले होते. त्यानंतर तिचा फोन वाजला की मी तो वाजू द्यायचे.

गेल्या पावसाळ्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना मी पोटरीभर गार पाण्यात उभी होते. दुपारी पाठीत कळ आली, मग छातीत. रात्री ताप चढला. सकाळी श्वास पुरेना. भगत घरी आला, माझ्या छातीला कान लावला आणि नवऱ्याला म्हणाला, "ह्या माझ्या हातचा न्हाय. खाली ने."

बांबूला गोधडी बांधून डोली केली. निसरड्या वाटेने नवरा आणि दीर मला घेऊन उतरले. मला फक्त हिरवं आभाळ आठवतं, झाडांच्या फांद्यांचं. सडकेवरून गाडी मिळाली आणि शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचलो. नवऱ्याने सडकेवरून तिला फोन केला होता, सुरेखा आमच्या आधीच दारात उभी होती.

"हिला न्युमोनिया दिसतोय," आतले डॉक्टर म्हणाले.

"असेल, सर. पण हिची सिकलसेलची तपासणी करा. मला आहे, मी सख्खी बहीण," सुरेखा म्हणाली. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि काम भराभर सुरू झालं. आधी रक्ताचा नमुना घेतला, मग मला रक्त चढवलं. पक्क्या निदानासाठी एचपीएलसी नावाची तपासणी पाठवली. रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती आहे, ते त्यात कळतं. मॅडमनी नंतर सांगितलं, माझ्या छातीत जे झालं होतं त्याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. वाकलेल्या पेशी फुफ्फुसात अडकतात. उशीर झाला असता तर मी राहिले नसते.

म्हणजे सुरेखाने मला वाचवलं. आणि मी खाटेवर पडून तिच्या पाण्याच्या बाटलीचा, तिच्या इस्त्रीच्या ओढणीचा, तिच्या 'सर' आणि 'मॅडम'चा हेवा करत होते. मी आजवर कितीतरी डॉक्टरांना "अंग दुखतं" म्हणून सांगितलं होतं. तिच्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या इतक्या वर्षांच्या कण्हण्याने झालं नव्हतं.

निदान झालं त्या दिवशी मॅडम गेल्यावर ती माझी उशी नीट करायला लागली. मी तिचा हात झटकला.

"तुझा बराय. तुझ्या दारात दवाखाना हाय. मला डोलीत घालून आणतात."

तिने उशी खाली ठेवली. म्हणाली, "हाय ना. मी काय करू मग? घर उचलून वर आणू?"

तरी ती रोज येत राहिली. ड्युटी करून यायची, औषध आणायला जिने चढायची-उतरायची, पंख्याखाली फरशीवर बसायची. तिसऱ्या की चौथ्या दुपारी ती औषध घेऊन आली आणि माझ्या खाटेचा दांडा धरून खाली बसली. चेहरा राखेसारखा. मांडी दोन्ही हातांनी आवळून ती पुढे-मागे डोलायला लागली. ओठ दाताखाली.

मी ते दुखणं आयुष्यभर आतून पाहिलं होतं. बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. माझा चेहरा असाच होत असणार आणि लोक त्याला सोंग म्हणत होते.

"सिस्टर," सुरेखा म्हणाली, आवाज अगदी बारीक, पण सरळ. "सिकलसेल पेशंट आहे. क्रायसिस आलाय. पाणी द्या, पेनकिलर लागेल." क्रायसिस म्हणजे दुखण्याचा झटका.

नर्स धावत आली. समोरची खाट मोकळी होती, तिथे तिला घेतलं. संध्याकाळपर्यंत कळ उतरली. मग आम्ही दोघी समोरासमोर सलाईन लावून पडलो होतो, लहानपणी गोधडीत पडायचो तशाच, फक्त मधे वाट होती.

"गोळी घेऊन पण दुखतं तुला?" मी विचारलं.

"दुखतं ना. कमी दुखतं, कधीतरी दुखतं. पण आता मला बोलता येतं."

मी सलाईनचा हात सांभाळत तिच्याकडे कूस वळवली. मग म्हणाले, "मला शिकव. ते गोळीचा नाव काय?"

हायड्रॉक्सियुरिया. माझ्या जिभेवर ते बसायला दोन दिवस लागले. सुरेखा माझ्याकडून परत परत म्हणून घ्यायची आणि मी चुकले की हसायची. फॉलिक ॲसिड, म्हणजे नवीन रक्त तयार व्हायला मदत करणारी गोळी. थंडी, तहान आणि अति कष्ट यांपासून जपायचं. ताप आला की घरी थांबायचं नाही. दिवस जाऊ द्यायचे असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण ही गोळी तेव्हा बंद करतात. सगळं पाठ केलं.

घरी गेल्यावर नवऱ्याची आणि माझ्या मुलीची तपासणी केली. केंद्रात पुन्हा "सामान नाही" ऐकलं. या वेळी मी खिडकीवरून हलले नाही. "मी एसएस आहे. मुलीची तपासणी झालीच पाहिजे. कधी होणार ते डॉक्टरांना विचारून सांगा, मी बसते," म्हणाले. आतून डॉक्टर बाहेर आले, फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दोघांचं रक्त घेतलं. नवरा साफ निघाला, मुलगी वाहक. तिला आजार नाही. सासूने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, "पुढच्या आवणीला तू नको उतरू पाण्यात. बांधावरून रोपं दे."

आता मी गोळी घेते. झटके कमी झालेत. सुरेखाचा हेवा गेला का, म्हणाल तर नाही. ती चपला घालून गल्लीत जाते आणि गोळ्या घेऊन येते. मी आजही डोंगर उतरते, टमटमची वाट बघते. पाड्यापर्यंत रस्ता आणि रस्त्याने येणारी नर्स आम्हाला मिळेपर्यंत तो हेवा जाऊ नये, असंच मला वाटतं. पण आता तिचा फोन पहिल्या घंटीला उचलते.

परवा गोळ्या घ्यायला केंद्रात गेले होते. नर्सने मला नावाने हाक मारली, पाकिटं दिली, तब्येत विचारली. बाकावर खारबावकडच्या एका वीटभट्टीवरची कातकरी बाई बसली होती. मांडीवर पोर, पोराचे हात सुजलेले, डोळे पिवळे. ती माझ्याकडे, माझ्या हातातल्या पाकिटांकडे, बोलणाऱ्या नर्सकडे एकटक बघत होती. ती नजर मला चांगली ठाऊक होती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "बाय, पोराला काय होतं ते मला सांग," म्हणाले. "मग तुला एक शब्द शिकवते. तो आत जाऊन बोल."