न भरलेल्या घरपट्टीची वापसी

सख्यांनो, आपल्या भजन मंडळाची ही वही आज दुपारच्या आत कॉलनीत घरोघर फिरवा. गोष्ट थांबण्यासारखी नाही.

सकाळी पूजा आटोपत होते, तर दारात एक कोटवाला माणूस उभा. म्हणाला, "पहिल्यांदा नवं घर घेणाऱ्याले सरकार घरपट्टी वापस देऊन राह्यलं, बाई. खरेदीखत आणा, अन् इथं अंगठा लावा." मला सही येते का, हेही न विचारता त्यानं शाईची डबी पुढे केली!

मी मॅट्रिक झालेली. कागद हाती घेतला, तर वर स्टॅम्प आणि खाली सगळा कोरा.

"भाऊ, आमच्या घराची आकारणीच व्हायची आहे. एक पैसा पट्टी भरली नाही. मग वापस काय देता?"

"सरकार आगाऊच देते, बाई."

"सरकारनं आगाऊ घेतलेलं पाहिलं, दिलेलं नाही. आमचं खरेदीखत देवाच्या पाटाखाली आहे, अन् तिथंच राहील."

"शिकलेल्या बाया लय शक करतात," असं पुटपुटत तो गेला.

मला हसूच आलं. पण थोड्या वेळानं शेजारच्या वेणूताई नळावर आल्या, तेव्हा त्यांचा अंगठा निळा दिसला. तो कोटवाला आधी त्यांच्याकडेच गेला होता. खरेदीखतही घेऊन गेला. नवऱ्यामागे त्या बाईला तेवढं एकच छप्पर.

त्या कोऱ्या कागदावर घर विकल्याचं लिहून कुणी नोंदवू नये, म्हणून आम्ही दोघी आत्ताच अकोल्याच्या रजिस्ट्रार कचेरीकडे निघालो आहोत. आणखी कुणाचा अंगठा निळा आहे? लाजू नका. चुलीवरचं उतरवा आणि मागोमाग तिथंच या.