भारी धानाचा रंग

मी ठरवते तेच होतं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे आणि ते चुकीचं नाही. ब्रह्मपुरीत आम्ही घर बांधलं तेव्हा जागा मी निवडली, नकाशाही मीच पास केला. फक्त एका माणसापुढे माझी डाळ शिजत नव्हती. माझे बाबा.

आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत. गुडघे दुखायचे म्हणून शेती ठेक्याने दिलेली. मी एकुलती एक, तरी माझ्याकडे यायचे ते सकाळच्या जीपने आणि जायचे संध्याकाळच्या. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्या पावसाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले आणि शेजाऱ्यांना थेट दुपारी कळलं. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. आता त्यांना इकडे आणायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्यांच्यावर जबरदस्ती चालत नाही, हे मला माहीत होतं. पाऊस उघडल्यावर घर बाहेरून रंगवायचंच होतं, भिंतींवर शेवाळ चढलेलं. पिकलेल्या धानाचा सोनेरी रंग दिला तर बाबांना दारात पाय ठेवताच आपल्या खळ्यावर आल्यासारखं वाटेल, असा माझा बेत. तो मला इतका आवडला की मी कोणालाच सांगितला नाही.

पेंटर आला. तालुक्यात नावाजलेला, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलण्यात कोणाला हार न जाणारा. तो रंगांचं कार्ड उघडू लागला, तर मी म्हटलं, कार्ड राहू द्या भाऊ, धानाचा रंग द्या. धानाच्या मुलखात जन्मलात, धान काय मी दाखवायचं? समजलं म्हणाला. मी निश्चिंत मनाने चार दिवस अहेरीला नातेवाइकांकडे गेले.

परतले तेव्हा कोपऱ्यावरूनच दिसलं. घर हिरवंगार. चारही बाजूंनी पहिला हात मारून झाला होता आणि पेंटर शिडीवरून शाबासकीची वाट बघत होता. माझं डोकंच फिरलं. त्याला खाली उतरवून विचारलं, याला धान म्हणतात?

“धानच हाये बाई,” रस्त्यापलीकडच्या धानाच्या बांधीकडे हात करत तो म्हणाला. “दसऱ्याच्या तोंडावर धान असाच राह्यते. मी भारी धान धरला. हलका म्हनलं असतं तर पिवळा मारला असता.”

हलका धान लवकर पिकतो, भारी दिवाळीपर्यंत हिरवा राहतो. म्हणणं बिनतोड होतं, म्हणून मला जास्तच राग आला. उद्या सगळं घर पिवळं झालं पाहिजे, असं बजावून मी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी पेंटर पिवळ्या रंगाचा डबा उघडतच होता, तेवढ्यात बाबा आले. खांद्यावर दुपट्टा, हातात शिंगाड्यांची पिशवी. फाटकाशीच थबकले. मी घाईघाईने सांगू लागले की गडबड झाली, आजच बदलून घेते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि पेंटरला डबा झाकायला सांगितलं. मग अंगणात खुर्ची घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण झाल्यावर पुन्हा तिथेच. मधूनच पेंटरला म्हणायचे, तिकडे पातळ लागलाय, तिकडे बघ.

संध्याकाळी जीपचा हॉर्न वाजला. बाबा उठले नाहीत. ऐकू आलं नसेल असं वाटून मी म्हटलं, बाबा, जीप आली.

“जाऊ दे तिले,” ते म्हणाले. “हिरवा धान उभा टाकून कोन्ता कास्तकार घरी जाते? कापाले आला म्हंजे जाईन.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी दुपट्टा काढून खुंटीला अडकवला आणि शिंगाडे उकडायला टाक म्हणाले.

याला आता काही वर्षं झाली. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन फार येतं, तिथला हिरवा हळूहळू पिवळट पडतो. तसं दिसलं की मी लगेच पेंटरला फोन करते. आता तो कार्ड आणत नाही, काही विचारतही नाही. बाबा खुर्चीवरून त्याला सूचना देत बसतात. माझ्या घरचा धान मी पिकू देत नाही.